कोकणात दागिन्यांचे फोटो काढताना: आधी खोली, मग दिवा, शेवटी कॅमेरा

गुळगुळीत सोन्याला स्वतःचं रूप फार थोडं असतं. समोर जे येईल ते दाखवत राहणं हाच त्याचा स्वभाव. मंगळसूत्राच्या वाटीचा जवळून फोटो घ्या आणि मोठा करून पाहा. वाटीच्या फुगीर पाठीवर खिडकीचे गज दिसतील, छपराचे वासे दिसतील, तुमचा शर्ट दिसेल आणि मधोमध लेन्सचं काळं वर्तुळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सराफांच्या पेढ्यांसाठी मी हे काम करतो. या कामात नव्याने येणारी मुलंमुली पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याचा. माझ्या मते कॅमेरा सगळ्यात शेवटी येतो. दागिन्याला आजूबाजूला काय दिसतंय ते आधी ठरवायचं, ते पूर्ण ताब्यात घ्यायचं आणि मगच ट्रायपॉड उघडायचा. खालची माहितीही त्याच क्रमाने दिली आहे.

खोली काळी करा

आपल्याकडच्या घरात किंवा पेढीत दागिना टेबलावर ठेवला की रंग सगळीकडून घुसतो. खाली लाल कोबा, भिंतीला जांभा, दाराबाहेर माड-पोफळीचं आगर, वर पिवळा दिवा. सोन्याच्या खालच्या कडेला तांबूस झाक येते, बाजूच्या कडेला हिरवट. आपल्याला ते जाणवत नाही, कारण मेंदू रंग सावरून घेतो. कॅमेरा सावरत नाही. आणि एकाच दागिन्यावर तीन रंगांचा उजेड पडला असेल तर नंतर कॉम्प्युटरवर एक सुधारला की दुसरा बिघडतो.

पडवीतला मऊ उजेड फार सुंदर असतो हे खरं. एकट्या नथीचा एखादा फोटो तिथे छान येतो. पण पेढीच्या कॅटलॉगसाठी चाळीस नग एकसारखे दिसायला हवेत, आणि आषाढात तर उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. म्हणून माजघर किंवा पेढीची मागची खोली निवडा. खिडक्यांना जाड काळं कापड लावा, वरचे दिवे बंद करा. जमीन लाल असेल तर टेबलाखाली आणि भोवती पांढरी चादर अंथरा. भिंतीला निळा-हिरवा रंग असेल तर त्या बाजूला पांढरा बोर्ड उभा करा. स्वतः काळे किंवा राखाडी कपडे घाला. गडद केशरी टी-शर्ट घालून चांदीचे पैंजण काढायला बसू नका.

मग एक चाचणी घ्या. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तर छिद्र लहान) एफ ११, शटर १/१६० सेकंद, फ्लॅश बंद. फोटो पूर्ण काळा आला पाहिजे. त्यात दागिन्याची पुसट रेघ जरी दिसली तरी कुठून तरी परका उजेड येतोय. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. या एका चाचणीने रंगाची निम्मी भांडणं मिटतात.

फ्लॅश की एलईडी

दोन्ही चालतात. आपल्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे मी बॅटरीवरचे दोन साधे फ्लॅश पसंत करतो. फ्लॅशचा रंग साधारण दिवसाच्या उजेडासारखा असतो, त्याचा झोत इतका क्षणिक असतो की हलका धक्का फोटोत उतरत नाही, आणि खोलीत थोडा परका उजेड राहिलाच तर तो दबून जातो.

एलईडी घेणार असाल तर रंगअचूकतेचा सीआरआय आकडा ९५ किंवा वर असलेला घ्या आणि त्यातला आर९ हा लाल रंगाचा आकडाही पाहून घ्या. दुकानातल्या स्वस्त बल्बमध्ये नेमका लाल कमी पडतो आणि माणिक विटकरी दिसतं. दुसरा त्रास लुकलुकण्याचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा.

सामान आणि दागिन्याची तयारी

स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपरचा रोल, पांढरे फोमबोर्ड, काळी कार्डशीट, दातांच्या डॉक्टरांकडे असतं तसं किंवा सोनाराकडचं मऊ मेण, लाकडी टोकाचा चिमटा, हवेचा फुगा, मायक्रोफायबर कापड, नायट्राइलचे हातमोजे. यात एक वस्तू किनाऱ्यावर कुठेही मिळते ती म्हणजे तंगूस, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा. गळाची सगळ्यात बारीक, पारदर्शक तंगूस घ्या. झुमके आणि नथ टांगायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, आणि नंतर फोटोतून ती पुसायलाही सोपी.

दागिना धुण्याआधी तो कसा घडवलाय ते सराफाला विचारा. ठुशी, बोरमाळ यांसारख्या दागिन्यांचे मणी पुष्कळदा आतून लाखेने भरलेले असतात. गरम पाणी किंवा जवळ ठेवलेला तापणारा दिवा त्यांना चालत नाही, लाख मऊ पडते. मोत्याचा दागिना बुडवायचा नाहीच, कारण पटवेकऱ्याने ओवलेला धागा भिजतो आणि मोत्याच्या तेजालाही धोका. अल्ट्रासॉनिक यंत्रात मोती कधीच टाकू नका. भरीव सोन्याला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. एसी चालू असलेल्या पेढीतून गार झालेला दागिना दमट खोलीत आणला की त्यावर बारीक वाफ धरते. डोळ्यांना ती जेमतेम दिसते, पण मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोत जिलई मेल्यासारखी वाटते. पुसत बसू नका, पुसल्याने फक्त रेघा उमटतात. बंद पिशवीतच अर्धा-पाऊण तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग बाहेर काढा. हाच नियम कॅमेऱ्याला आणि लेन्सला.

आणि हो, दागिने हातात घेण्याआधी वजन. प्रत्येक नग सराफाच्या काट्यावर तोलून, चिठ्ठीवर लिहून, दोघांच्या सह्या करूनच घ्यायचा आणि तसाच परत द्यायचा. पेढीचा माणूस पूर्ण वेळ खोलीत बसलेला बरा. रात्रभर माल स्वतःकडे ठेवू नका.

प्रकाश मांडणं

आरसा ज्या कोनात उजेड घेतो त्याच कोनात तो परत टाकतो. लेन्सच्या जागी डोळा ठेवा आणि दागिन्याच्या प्रत्येक पृष्ठभागातून तो कोन उलटा शोधा. तिथे जे असेल तेच सोन्यात दिसणार. तिथे पांढरा कागद ठेवला तर सोनं उजळ, काळा कागद ठेवला तर काळं, काहीच ठेवलं नाही तर अंधार.

सुरुवात अशी करा. दागिन्याच्या डोक्यावर, किंचित मागे झुकलेला, ट्रेसिंग पेपर ताणून बसवलेला चौकटीचा पडदा ठेवा. फ्लॅश त्याच्या मागे. फ्लॅश पडद्याला अगदी चिकटवला तर पांढरा ठिपका दिसेल, फार लांब नेला तर सगळा पडदा सपाट पांढरा होईल. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे जिथे पडद्याचा मधला भाग उजळ आणि कडेकडे उजेड हळूहळू विरत जातो. सोन्याची गोलाई याच उतरत्या उजेडातून कळते. हात तिथे स्थिरावेपर्यंत एका साध्या पाटलीवर सराव करा.

बाजारात मिळणारे पांढरे लाइट टेंट, म्हणजे दागिना आत ठेवायचे पांढऱ्या कापडाचे छोटे तंबू, मला पटत नाहीत. सगळीकडून पांढरंच दिसल्यामुळे दागिना पितळी आणि चपटा होतो. घ्यायचाच असेल तर आत काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या लावा. बांगडीच्या किंवा गोठाच्या कडेला अशी एक काळी रेघ मिळाली की घाट लगेच उठून येतो. पट्टी किती रुंद, हे आकड्यात सांगता येत नाही. लेन्समधून बघत हाताने सरकवत राहायचं.

पोलरायझर (चमक गाळणारा लेन्सवरचा फिल्टर) लावून सोन्यावरची चमक घालवता येईल असं बरेच जण मानतात. धातूवरच्या प्रतिबिंबावर पोलरायझरचा परिणाम जवळपास होत नाही. खड्यावरची किंवा खाली ठेवलेल्या अ‍ॅक्रिलिकवरची चमक मात्र त्याने कमी होते.

कोणता दागिना कुठे अडतो

मंगळसूत्र सगळ्यात अवघड. चकचकीत काळे मणी आणि चकचकीत सोनं शेजारी शेजारी. सोन्यासाठी उजेड ठरवला तर मणी काळ्या ठिपक्यांची रांग होतात. मण्यांसाठी वाढवला तर वाट्यांचा रंग उडतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, सोन्यासाठीच ठेवा, आणि मण्यांना आकार द्यायला बाजूने एक अरुंद, लांब पांढरी पट्टी उभी करा. प्रत्येक मण्यावर तिची एक बारीक उभी रेघ उमटते आणि मणी गोल दिसू लागतो. छोटे उघडे दिवे वापरले तर प्रत्येक मण्यावर प्रत्येक दिव्याचा ठिपका येतो आणि सगळी माळ पुरळ उठल्यासारखी दिसते. वाट्या फुगीर असल्यामुळे त्यांना समोरची सगळी खोली दिसते, कॅमेऱ्यासकट. त्यासाठी पांढऱ्या बोर्डाला लेन्सपुरतं गोल भोक पाडून कॅमेरा त्यामागे लपवा. लेन्सचा छोटा काळा ठिपका तरी राहतोच. तो नंतर पुसायचा.

पुतळीहारात अडचण उलटी. प्रत्येक पुतळी हा एक सपाट आरसा. जरा वेगळ्या कोनात वळली की शेजारची पांढरी आणि ही काळी. दोन उपाय: पडदा इतका मोठा घ्या की थोडी वळलेली पुतळीसुद्धा पडदाच पाहील, आणि प्रत्येक पुतळीच्या मागे मेणाचा बारीक गोळा लावून ती समपातळीत आणा. या मांडणीत पाऊण तास सहज जातो. तो द्यावा, नंतर कॉम्प्युटरवर हेच काम चौपट वेळ खातं आणि खोटं दिसतं. पुतळीवरची नक्षी दिसायला हवी असेल तर एका बाजूने, जवळजवळ आडवा, हलका उजेड सोडा.

नथीत मोती सांभाळायचे. मोत्याचं तेज पृष्ठभागाच्या खालच्या थरांतून येतं, त्यामुळे चारी बाजूंनी पांढरं ठेवलं की मोती खडूसारखा मरतो. एकच पडदा, वर डावीकडे. समोरच्या बाजूला छोटा पांढरा कागद, आणि थोडी सावली राहू द्यायची. प्रत्येक मोत्यावर एकच मऊ उजळ भाग दिसला पाहिजे. नथ तंगुसाने टांगली की हवेने फिरते, म्हणून पंखा बंद, आणि खालून दुसरी तंगूस हलकी ताणून बांधा. मधल्या लाल-हिरव्या खड्यांमागे चमचमत्या कागदाचा कण ठेवून त्यांना उजळवायची पद्धत आहे. फक्त शोभेच्या फोटोपुरती ती ठीक. गिऱ्हाईक ज्यावरून खरेदी करणार त्या फोटोत नको, कारण खड्याचा रंग त्याने खरोखर बदलतो.

हिऱ्यांना सोन्याच्या नेमकं उलट हवं. मऊ उजेडात हिरा काचेसारखा राखाडी दिसतो. त्याच्या पैलूंना लहान, कडक उजेड लागतो. सोनं आणि हिरे एकाच अंगठीत असतील तर कॅमेरा न हलवता दोन फोटो घ्या: एक पडद्याच्या उजेडात सोन्यासाठी, एक छोट्या टॉर्चने खड्यांसाठी. नंतर दोन्ही एकावर एक ठेवून जोडा.

चांदीचे पैंजण आणि जोडवी काढायच्या दिवशीच उजळून घ्या. हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते आणि दमट खाऱ्या हवेत हे लवकर होतं. रबरबँड लावून तर कधीच ठेवू नका, रबरातल्या गंधकाने नेमका तेवढाच पट्टा काळा पडतो.

हॉलमार्कचा एक जवळचा फोटो प्रत्येक नगाचा घ्यावा असा माझा आग्रह आहे. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक) नसलेले हॉलमार्कचे सोन्याचे दागिने सराफांना विकता येत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईकही आता तो पाहायला मागतं. खूण लेझरने कोरलेली, फार उथळ. समोरून उजेड टाकला तर ती नाहीशी होते. लेन्सपुरतं भोक पाडलेला काळा कागद लेन्सभोवती ठेवा म्हणजे धातू गडद होईल, आणि एका बाजूने अगदी आडवा उजेड द्या. अक्षरांच्या कडा उजळून निघतात.

जवळून काढताना फोकस

आता कॅमेरा. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या, कारण तिने दागिन्यापासून लांब राहता येतं आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब लहान होतं. फोनवर काढणारे दागिन्याच्या दोन बोटांवर फोन नेतात, तिथेच सगळं बिघडतं. फोनची दोन किंवा तीन पट जवळ आणणारी लेन्स निवडून मागे सरका आणि नंतर फोटो कापा.

मॅक्रोमध्ये स्पष्ट दिसणारी खोली फार थोडी असते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ आकारात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, एफ ११ ला ती जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते. निम्म्या आकारात सुमारे चार मिलिमीटर. बोटभर उंच उभी अंगठी यात कशी मावणार? अ‍ॅपर्चर एफ ३२ वर नेऊन प्रश्न सुटत नाही, कारण छिद्र फार लहान झालं की उजेड कडांवर पसरून सगळाच फोटो मऊ पडतो. त्यातही १:१ ला एफ ११ चा परिणाम एफ २२ इतका होतो. काही कॅमेरे हा बदल पडद्यावर दाखवतात, काही दाखवत नाहीत.

उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग: फोकस थोडाथोडा मागे सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि त्यांचे स्पष्ट भाग एकत्र जोडायचे. एफ ८ किंवा एफ ११ वर राहा. ऑटोफोकस बंद, सगळं मॅन्युअल. सर्वांत जवळच्या टोकापासून थोडं आधी सुरू करा आणि मागच्या टोकापलीकडे थोडं जाऊन थांबा, म्हणजे दोन्हीकडे एखादा फोटो जास्तीचा राहील. प्रत्येक टप्पा स्पष्ट खोलीच्या निम्म्याहून कमी ठेवा. निम्म्या आकारात, वीस मिलिमीटर खोल ठुशीला दीड मिलिमीटरच्या टप्प्याने पंधरा-सोळा फोटो लागतात. नंतर हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये ते जोडा. मोत्यांच्या कडा आणि एकमेकांवरून गेलेल्या साखळ्या इथे सॉफ्टवेअर चुकतं. त्या जागा मोठ्या करून हाताने दुरुस्त करायच्या.

या सगळ्या फोटोंमध्ये कॅमेरा केसभरही हलता कामा नये. जुन्या घराच्या माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर तिथे स्टॅकिंग करू नका, कुणी जिना चढलं तरी फ्रेम सरकते. तळमजला, जड टेबल, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट.

रंग

सोन्याचा रंग हा विश्वासाचा मामला आहे. २२ कॅरटमध्ये ९१.६ टक्के सोनं, उरलेलं मुख्यतः तांबं आणि चांदी. यांचं प्रमाण बदललं की छटा बदलते, आणि जाणकार बाई ती फोटोतही ओळखते. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरं ठेवण्याची कॅमेऱ्याची सोय) इथे फसतं: फ्रेमभर पिवळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळं मिसळतो. सोनं फिकं, हिरवट होतं. उजेड मांडून झाला की दागिन्याच्या जागी राखाडी कार्ड ठेवून एक फोटो घ्या, त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काम करा.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. सोन्याच्या उजळ भागात लाल सगळ्यांत आधी भरून वाहतो, एकत्रित आलेखात ते कळत नाही, आणि मग त्या जागी नक्षी जाऊन सपाट केशरी डाग राहतो. लाल उजव्या भिंतीला टेकण्याआधी थांबा. वेबसाइट आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी शेवटी एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगपद्धतीत निर्यात करा, नाहीतर वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळं सोनं दिसेल.

किनाऱ्यावरचे फोटो

लग्नसराईच्या आधी पेढ्यांना तारकर्ली किंवा गुहागरच्या वाळूवर दागिने हवे असतात. माणसाच्या अंगावर घालून काढा, वाळूवर ठेवून शक्यतो नको. वाळूतली गारगोटी सोन्यापेक्षा आणि मोत्यापेक्षा बरीच कठीण असते, जिलईवर ओरखडे हमखास. वाळूचा देखावा हवाच असेल तर वाळू धुऊन, वाळवून ट्रेमध्ये घ्या आणि दागिना मेणाच्या आधाराने तिच्या किंचित वर उचलून ठेवा. वेळ सकाळची लवकर, किंवा सूर्य कलल्यावर. दुपारी वाळूचा उजेड खालून येतो आणि हनुवटीखालची चिंचपेटी चेहऱ्यापेक्षा उजळ दिसते. खारा फवारा लेन्सच्या पुढच्या काचेवर बसतोच, साधा फिल्टर लावून ठेवा. परतल्यावर दागिने कोरड्या नाही, ओलसर मऊ कापडाने टिपा. कोरडं पुसलं तर वाळूचा कणच घासला जातो.

कॅमेरा पावसाळ्यात

लेन्समध्ये बुरशी शिरली की मॅक्रो फोटोतली धार आधी जाते. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटात कपड्यांखाली ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. निळी जेल गुलाबी झाली की ती ओलावली. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत तापवून पुन्हा वापरता येते. लेन्स आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.

नग परत देण्याआधी

फोटो जोडून, रंग लावून होईपर्यंत दागिना समोर असणं हे मी अटीसारखं पाळतो. कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे रंग तपासून जुळवलेल्या मॉनिटरवर फोटो उघडा आणि शेजारी पांढऱ्या कागदावर, चांगल्या दिव्याखाली खरा नग ठेवा. सराफाला आणि शक्य असेल तर त्याच्या कारागिराला बोलवा. सोन्याच्या छटेवर कारागिराचा शब्द शेवटचा. मग तोच फोटो पेढीतल्या दोन-तीन वेगळ्या फोनवर पाठवून बघा, कारण गिऱ्हाईक तो तिथेच पाहणार आहे. आकाराचा अंदाज यावा म्हणून प्रत्येक नगाचा एक फोटो गळ्यात, कानात किंवा मोजपट्टीसोबत काढलेला आहे ना, तेही याच वेळी तपासा. धूळ, तंगूस, लेन्सचा ठिपका पुसा. खड्यातली नैसर्गिक रेघ किंवा मोत्याचा वाकडेपणा पुसू नका, तो त्या नगाचाच भाग आहे. फाइलला नाव देताना पेढीचा नग क्रमांक आणि वजन त्यात घाला, म्हणजे सहा महिन्यांनी ऑर्डर आली तरी कोणती ठुशी ते शोधावं लागत नाही. त्यानंतर नग पुन्हा काट्यावर, चिठ्ठीवर दुसरी सही.